दारात आलेली फाईलवाली बाई

माझ्या जाऊबाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. लग्न होऊन नंदाखालला आल्यापासून त्यांनी केळीचे घड वाहिले, त्याचा तो परिणाम. दुकानातल्या टेलरला हे दिसत नाही, त्यामुळे त्याने शिवलेला ब्लाउज एका बाजूने उतरतो आणि जाऊबाई दिवसभर तो वर ओढत फिरतात. मी शिवलेला उतरत नाही. चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत मशीन टाकून मी ब्लाउज शिवते, आणि मापात माझा हात चुकत नाही. एकदाच चुकला, तेव्हा तो मी ठरवून चुकवला होता. का चुकवला ते सांगते. ऐकून कोणाला वाटलं की बाईने डूख धरला, तर खुशाल वाटू दे. धरलाच होता.

आम्हाला मूल झालं नाही. त्यासाठी काय काय केलं ते सांगण्यात मला रस नाही. ज्यांनी ते सोसलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही सोसलं त्यांना ऐकायची फार हौस असते. त्या हौशीला कंटाळूनच आम्ही नंदाखालचं घर सोडलं. वाडीतल्या त्या घरात थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांचे दोन मुलगे. मी धाकट्याला कडेवर घेतलं की जाऊबाई कुठूनतरी यायच्या आणि म्हणायच्या, दे, त्याला भूक लागली असेल. आत्ताच जेवलेल्या पोराला भूक कशी लागेल, हे मी कधी विचारलं नाही. त्याला घेणं सोडून दिलं. नवऱ्याने एक दिवस आपणहून विरारला चंदनसारचा हा फ्लॅट बघितला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्याला दिसत होतं.

दत्तक घेण्याचं पहिल्यांदा तोच बोलला. मी कुकर उघडत होते. तो म्हणाला, आपण एखादं मूल आणू या का, ज्याला कोणी नाही असं. मी म्हटलं, आणू या. एवढंच बोलणं झालं. त्याआधी काही वर्षं आम्ही दोघं मनात तेच बोलत असणार, नाहीतर इतकं सोपं झालं नसतं.

पुढचं सोपं नव्हतं. सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं, कागद चढवायचे. आमच्या लग्नाला अख्खा पाडा जेवला होता, पण लग्नाची नोंदणी केली नव्हती. ती करायला वसईला खेटे घातले. तिथला कारकून म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाला, आता काय घटस्फोट घ्यायचाय? डॉक्टरचा दाखला हवा, की आम्ही धडधाकट आहोत. फोटो हवा दोघांचा. फोटोवाल्याने आम्हाला हसायला लावलं तर फोटो खोटा यायला लागला, म्हणून शेवटी न हसताच काढला. मला त्या सगळ्याचा राग यायचा. पोट पुढे घेऊन बस पकडणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, तुझं लग्न झालंय याला पुरावा काय, तू मूल सांभाळशील याची खात्री काय. नवरा म्हणायचा, बरं आहे ना विचारतात ते. पोर कोणाच्याही हातात द्यायचं का? त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसावरही राग येतोच.

माप द्यायला येणाऱ्या बायकांना वास लागला. एकीने सांगितलं, नक्षत्र बघून घ्या. दुसरी म्हणाली, रंग तरी आपल्याला जुळणारा मागा, म्हणजे विचारणार नाहीत लोक. तिसरीने डोळ्यांत पाणी आणून माझा हात हातात घेतला आणि विचारलं, कोणाचं असेल काय माहीत, भीती नाही वाटत? मी टेप तिच्या छातीभोवती होता तसा थोडा आवळला आणि म्हटलं, श्वास घ्या. तिचाही ब्लाउज जरा नीट बसला नाही. पण ते असू दे, ती परकी बाई, ते मी चुकण्यात धरत नाही.

मग घर बघायला मॅडम आल्या. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या समाजसेविका. मूल देण्याआधी त्या घर बघतात, माणसं बघतात आणि अहवाल लिहितात. तो अनुकूल गेला तर तुमचा नंबर पुढे सरकतो. प्रतिकूल गेला तर दार बंद. मी आदल्या दिवशी पंखे पुसले होते. मॅडमनी पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मला विचारलं, राग आला की तुम्ही काय करता? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शिवते. त्या हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, मूल आपल्याला आई म्हणालं नाही तर? मी म्हटलं, म्हणेपर्यंत थांबेन. आणि म्हणालंच नाही तर? मी चहाचे कप उचलायला लागले, तर त्या म्हणाल्या, घाई नाही, विचार करा. जाताना म्हणाल्या, मोठं घर नंदाखालला आहे ना, कधी त्या बाजूला आले तर तेही बघून जाईन. नवऱ्याने आनंदाने पत्ता सांगितला, देवळापासून कसं वळायचं, विहीर कुठे लागते, सगळं. भावाला फोन करून सांगून ठेवायचं मात्र त्याला सुचलं नाही, आणि मलाही नाही. आम्हाला वाटलं, त्यात काय सांगायचं. आपलंच घर.

इथे आमच्या बाजूची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे वाडीच्या दारात अनोळखी माणूस फाईल घेऊन उभं राहिलं, की ते जागेसाठीच आलेलं असतं. दलाल येतात, बिल्डरची माणसं येतात, रिसॉर्टवाले येतात. हल्ली तर गोड बोलणाऱ्या बायकाही पाठवतात. नाही म्हटलं तर ते परत येतात. म्हणून पाड्यातल्या सगळ्या घरांनी एक उत्तर तयार ठेवलं आहे. जागेवर केस चालू आहे. भावाभावांत बोलणं नाही, मारामाऱ्या होतात. धाकटा दारू पितो, शुद्धीत नसतो, त्याची सही कोण आणणार. हे ऐकलं की दलाल चप्पल घालतो. प्रत्येक घरात एक दारुडा भाऊ ठरलेला असतो, आणि आमच्या घरातला दारुडा माझा नवरा. त्याने आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही. मी वाडीत राहत होते तेव्हा दलाल गेला की तो आतून बाहेर यायचा आणि वहिनीला विचारायचा, आज कितपत प्यायलो होतो मी? सगळे हसायचे. मीसुद्धा.

काही दिवसांनी मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. समोर बसवलं आणि नवऱ्याला विचारलं, तुम्ही रोज घेता का? तो म्हणाला, काय? त्या म्हणाल्या, दारू. तो हसला. त्याला खरंच हसू आलं, आणि त्या हसण्याने काम आणखी बिघडलं. मॅडमचा चेहरा बंद झाला. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. भावाशी बोलणं नाही हे आम्हाला का सांगितलं नाहीत? कोर्टात कसली केस आहे? घरात मारामाऱ्या होतात असं कळलं, तुम्ही मारता का यांना? मला आधी काही कळेना. मग सगळं एकदम कळलं, मॅडम नंदाखालला जाऊन आल्या होत्या, आणि मी हसत नव्हते. मी भराभरा सांगू लागले, अहो ते दलालांना द्यायचं उत्तर आहे, तुम्हाला जाऊबाई जागेवाली समजल्या. मला माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. दारुड्याची बायको नवऱ्याला वाचवायला जशी बोलते, अगदी तशी मी बोलत होते.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तसं असेलही. पण निघताना मी त्यांना सांगितलं होतं, मी कोण आणि कशासाठी आले होते. माझं कार्ड दिलं. तुमच्याकडे मूल यायचं आहे, त्याची ही चौकशी, असं स्पष्ट सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. केळ्यांची फणी दिली मला. बाकी काही बोलल्या नाहीत.

ती केळ्यांची फणी मी अजून विसरलेली नाही. चूक झाली, ठीक आहे. आमच्या पट्ट्यात कोणाच्याही हातून झाली असती, कदाचित माझ्याही. पण चूक कळल्यावर ती बाई आत गेली, लोंगरातली, म्हणजे घडातली, चांगली फणी निवडली, सुरीने कापली, पाहुणीच्या हातात दिली आणि फाटकापर्यंत सोडायला गेली. तेवढ्या सगळ्या वेळात तिला एक वाक्य बोलता आलं असतं. नंतर फोन करता आला असता, कार्ड होतं. निदान आम्हाला सांगता आलं असतं. तिने आमच्यासाठी येणारं मूल फाटकातूनच परत पाठवलं आणि वर केळी दिली. आमचा अहवाल तोवर अडला होता. मॅडम म्हणाल्या, घरातल्या माणसांनी स्वतः येऊन सांगितलं तर मी पुन्हा विचार करेन, नाहीतर मला आहे ते लिहावं लागेल.

त्याच आठवड्यात आम्ही नंदाखालला गेलो. नवरा भावाशी बोलायला बसला, मी स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई नारळ खोवत होत्या. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? फाईल, चष्मा, विचारते धाकटे कुठं ऱ्हातात, येनं-जानं हाय का. मी आपली नेहमीचं बोलली." मी म्हटलं, आणि नंतर, कळल्यावर? त्या खोवत राहिल्या. मग म्हणाल्या, तोंडातून गेलं ते गेलं, आता परत मॅडमसमोर जाऊन आपलंच तोंड खोटं कसं पाडायचं. पाड्यात काय म्हणतील. मला खूप काही बोलायचं होतं. बोलले नाही. बोलून राग निघून जातो आणि मला तो जपून ठेवायचा होता.

नशीब कधीतरी माझ्याही बाजूला बसतं. थोरल्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि वरमाईचे, म्हणजे जाऊबाईंचे, सगळे ब्लाउज माझ्याकडे शिवायला आले होते. हळदीचा, लग्नाचा, पूजेचा, मांडवाचा. मी नंदाखालहून परत आल्यावर ती सगळी कापडं घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. लग्नाचे दिवस जवळ येत चालले. जाऊबाईंचा फोन आला, झाले का गो? मी म्हटलं, कात्री लावलेली नाही. का? मी म्हटलं, ताई, तुम्ही मॅडमकडे येऊन खरं सांगा, संध्याकाळी कात्री लागेल. मग त्या म्हणाल्या, मी दुसरीकडे शिवून घेईन. मी म्हटलं, घ्या की. लगीनसराईत कुठल्याच टेलरकडे जागा नव्हती हे त्यांनाही माहीत होतं, आणि असती तरी तो खांदा कोण सांभाळणार होतं? वरमाय होऊन पाड्यासमोर ब्लाउज वर ओढत उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, किती वाजता यायचं.

नवऱ्याला हे आवडलं नाही. वहिनीला असं अडवून धरायचं? तो म्हणाला, मी दादाकडून समजावून सांगितलं असतं. मी म्हटलं, समजावण्याने ती फणी परत येत नाही.

जाऊबाई आल्या. मॅडमसमोर खाली मान घालून सगळं सांगितलं. दीर पीत नाही, भावाभावांत काही नाही, कसलीही केस नाही, आम्ही दलालांना असं सांगतो. त्यांना घाम आला होता. मॅडमना बहुतेक हसू येत होतं पण त्यांनी दाखवलं नाही. परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. जाऊबाई बाहेर बघत होत्या. चंदनसार फाट्याच्या आधी त्या एकदम बोलल्या, मी विचारलेलं नसताना. "तू विचारत होतीस ना, कळल्यावर का नाय बोलली. माझी पोरं दोन हायत. वाडी ऱ्हायली तेवढीशी. मला वाटलं, नाय जमलं तर बरं."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यातच थोडं बरंही वाटलं, कारण माझं खरं ठरलं होतं. ती चूक नव्हती. ती लाजही नव्हती. तिने हिशोब केला होता, आणि माझं मूल त्या हिशोबात वाडीतला वाटेकरी होतं. मूल अजून कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं आणि त्याचा वाटा तिने आधीच कापून टाकला होता.

मी ब्लाउज शिवले. शब्द दिला होता. गळे सुंदर काढले, हळदीच्या ब्लाउजला तर जरीची अशी काही पट्टी लावली की बायका अजून विचारतात. खांदाही बरोबर सांभाळला. फक्त हळदीच्या ब्लाउजचा मुंढा घट्ट घेतला. उभं राहिलं की अंगासरशी बसणारा, पण हात कोपराच्या वर उचलायला गेलं की काखेत काचणारा. आणि आत शिवणीत माया ठेवली नाही, म्हणजे उसवून सैल करायची सोय नाही. आदल्या दिवशी त्यांनी घालून बघितला, आरशासमोर उभं राहून. आरशासमोर कोणी हात वर करत नाही.

आमच्याकडे हळदीला वरमाय नाचते. नाचायलाच लागतं, बँडवाला तिच्यासाठी थांबतो. सगळ्या बायकांचे हात वर आणि जाऊबाईंचे हात कमरेपाशी. त्या पाय नाचवत होत्या. पाड्यातल्या एका म्हातारीने विचारलं, काय गो, सून पसंत नाय का? मुलाच्या डोक्याला हळद लावायला त्याला खाली बसवावं लागलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला दिसलं की त्यांना कळलं आहे. मी नाचत होते, दोन्ही हात वर करून. इतकी मी माझ्या स्वतःच्या लग्नातही नाचले नव्हते.

मला वाटलं होतं, त्यावर मिटेल. मिटलं नाही. अहवाल चांगला गेला आणि नंतर नुसती वाट बघायची होती. नंबर पुढे सरकायचा तो इतका हळू की आम्ही बघायचं सोडलं. लहान पलंग आणला, मग त्याच्यावर कापडांचे गठ्ठे साचले, मग मीच एकदा रडून ते सगळे खाली काढले. त्या सगळ्या काळात नवं कारण न लागता माझा राग टिकून राहिला. काही वेळा वाटायचं, मूल नाही तर निदान हा तरी माझा आहे.

आणि मग एका सकाळी मोबाईलवर फोटो आला. विदर्भातल्या एका संस्थेतली, तीन वर्षांच्या आतबाहेरची मुलगी. केस बारीक कापलेले, भुवया जवळ आणलेल्या, जणू फोटो काढणाऱ्याशी तिचं भांडण आहे. माहितीत काय काय लिहिलं होतं, वजन, लसी, काही मला दिसेना. नवरा म्हणाला, ही तुझ्यासारखी रागावलीय. आम्ही लगेच हो कळवलं. भेटायला गेलो तेव्हा ती माझ्याकडे न येता नवऱ्याच्या शर्टाची बटणं मोजायला लागली. तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांना मुलं मावशी म्हणायची, म्हणून तिने मलाही मावशी म्हटलं. ती आई म्हणेपर्यंत थांबायचं मी ठरवलं होतंच.

ती घरी आली हे नंदाखालला कळलं आणि जाऊबाईंनी एक घाट घातला. पाड्यात एव्हाना सगळं फुटलं होतं, जागेवाली समजून मॅडमला काय सांगितलं ते. लोक त्यांना टोचत होते. तेव्हा त्यांनी ठरवलं की मुलीला वाडीत वाजतगाजत घ्यायचं. दारात भाकरतुकडा ओवाळायचा, बायकांना जेवायला बोलवायचं, म्हणजे तोंडं बंद होतील. नवऱ्याला फोन आला, तो हो म्हणाला. मला सांगितलं तेव्हा मी कापड कापत राहिले आणि त्याला वाटलं मी तयार आहे.

त्या दिवशी तो कामावरून परस्पर वाडीत गेला. मी मुलीला घेऊन निघायचं होतं. मी निघाले, पण वसईला. फोन बंद केला. बाजारात तिला लाल सँडल घेतले, पट्ट्याचे, चालताना वाजणारे. किल्ल्याकडे गेलो, तिथे तिने उड्या मारून सँडलचे आवाज ऐकले, आम्ही काकडी खाल्ली. त्या वेळी नंदाखालला जाऊबाई तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन पायरीवर उभ्या होत्या, पानं मांडलेली, बायका बसलेल्या. दुपारपर्यंत उभ्या होत्या, असं नंतर नवऱ्याने सांगितलं. तो माझ्याशी बरेच दिवस धड बोलला नाही. मी त्याला म्हटलं, माझ्या मुलीला तिने फाटकातून परत पाठवलं होतं, आता तिने फाटकाकडे बघत उभं राहावं. तो म्हणाला, पोरीला बघायला माणसं जमली होती, तुला नाही.

सँडल आले आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. माप द्यायला कोणी बाई आली की मुलगी आत पळायची. थोड्या वेळाने सँडल घालून यायची, उलटसुलट पायांत, पट्टे न लावता, आपला एक फ्रॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. येऊन त्या बाईचं बोट धरायची आणि दाराकडे बघत उभी राहायची. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा तिने मला विचारलं, "मावशी, हे मावशी मला नेऊन राहिली का?" तेव्हा मला कळलं. संस्थेत बायका यायच्या, बघायच्या आणि एखाद्या मुलाला घेऊन जायच्या. तिच्या लेखी मी तिला नेणारी होते, ठेवणारी नव्हते. मी तिला जवळ घेऊन सांगायची, हे तुझं घर, तुला कोणी नेणार नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा सँडल घालून उभी. मी सँडल कपाटात ठेवले तर अनवाणी येऊन उभी राहिली, ते जास्त वाईट दिसलं, म्हणून परत दिले.

एके दुपारी दार वाजलं. जाऊबाई. विचारून आलेल्या नव्हत्या, हातात काही नव्हतं. चपला दारात काढल्या आणि उभ्याउभ्याच सुरू झाल्या. पाड्यात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, अन्न वाया गेलं, माझ्या सुनेसमोर माझी शोभा केलीस, कसलं मन तुझं. मी मशीनवरून उठले नाही. एवढे दिवस मी हेच ऐकायला थांबले होते. मला बरं वाटत होतं, अगदी पोटातून बरं वाटत होतं.

मुलगी आतून आली. पायांत सँडल, हातात पिशवी. तिने जाऊबाईंचं बोट धरलं आणि दाराकडे बघत उभी राहिली.

जाऊबाई बोलता बोलता थांबल्या. "ही कुठं चालली?"

"तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "कोणीही बाई आली की तिला वाटतं, ही न्यायला आली. तिथे तशीच सवय लागलीय. तुम्ही तेव्हाच खरं बोलला असतात तर ती केव्हाच घरी आली असती, ही सवय लागायच्या आत."

हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही. तेव्हा नंबर लवकर लागला असता तर कदाचित दुसरंच कुठलं मूल आलं असतं. ते त्यांना लागावं म्हणून मी बोलले, आणि लागलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली.

जाऊबाई खाली फरशीवर बसल्या. बोट त्यांनी सोडवून घेतलं नाही. मुलीच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाल्या, "मी न्यायला नाय आली गो बाय. मी ऱ्हायला आली."

धडधडीत खोटं. बरोबर एक साडीसुद्धा नव्हती. मुलीने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग ती त्यांच्या शेजारी फतकल मारून बसली, सँडल काढले, उठून ते दाराजवळच्या फळीवर ठेवले आणि पिशवीतला फ्रॉक काढून जाऊबाईंच्या मांडीवर पसरला. मी महिनाभर जे सांगत होते ते तिने त्या बाईच्या एका वाक्यावर मान्य केलं. मला जाऊबाईंचा इतका राग आजवर कधीच आला नव्हता.

चहा केला, कारण मुलीसमोर न करता कसं चालेल. त्या दोघी फरशीवर बसून चिंध्या रंगांप्रमाणे लावत होत्या. माझ्याशी जाऊबाई एक अक्षर बोलल्या नाहीत आणि मीही नाही. उन्हं उतरल्यावर त्या उठल्या, मोरीत जाऊन तोंड धुतलं, पदर सारखा केला. घरी केळीचे घड कापायचं काम होतं, सून एकटी होती, त्यांना जायला हवं होतं. दाराशी गेल्या आणि चपला दिसेनात. त्यांनी फळीखाली बघितलं, बाहेर जिन्यात बघितलं, शेजारच्या दारातसुद्धा बघून आल्या.

त्या मोरीत असताना मुलीने एकेक चप्पल दोन्ही हातांत धरून नेली होती आणि कापायच्या टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात खोल खुपसली होती. मी ते सगळं बघितलं होतं. आता ती पोत्याला पाठ लावून बसली होती आणि टक लावून माझ्याकडे बघत होती, भुवया जवळ आणून.

"दिसल्या का गो तुला?" जाऊबाईंनी मला विचारलं.

मी मशीनचा दिवा लावला आणि बॉबिन भरायला घेतली. "नाही," मी म्हटलं.